आठव्या पेशीचं बोट

कोपर रोड, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, १७ एप्रिल १९९४

ती. सौ. सरस्वतीवहिनींना नामाचा नमस्कार. दादांनाही. (दादांना खरं तर वेगळा लिहायला हवा. पण तुम्ही पत्र मोठ्याने वाचता आणि ते डोळे मिटून ऐकतात, तेव्हा एकातच दोन्ही पोचतील असं धरतो.)

दादांचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला त्यांनी "बरा आहे" असं लिहिलं होतं, पण ते "बरा"च्या आधी पेन थांबलेलं दिसलं, शाईचा ठिपका होता. तुम्ही खरं काय ते कळवा. आपल्या कान्हाचं अमेरिकेहून पत्र येतं का? मला येतं, आणि त्यात दर वेळी त्याच्या प्रयोगशाळेतल्या लेखांचे चार-पाच झेरॉक्स असतात, त्यांचा या पत्राशी संबंध आहे. आमच्याकडे सगळं ठीक. नीला बरी आहे. ती म्हणाली, पत्र दोन पानांत आटप. मी हो म्हणालो. ते खरं बोललो नाही, असं आत्ताच वाटू लागलं आहे.

वहिनी, गेल्या दोन महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली, ती दुरुस्त करताना दुसरी झाली, आणि या दोन्हींच्या मधे एका गुणी मुलीचं पुण्याला शिकायला जाणं अडकून पडलं. रोजनिशीत मी सगळं लिहिलंय, पण रोजनिशी उलट काही बोलत नाही. तुम्ही बोलता. म्हणून तुम्हाला लिहितो.

आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी व्याख्यान असतं. फेब्रुवारीत एक होमिओपॅथीचे डॉक्टर "ताप आणि आपण" यावर बोलणार होते, तेच तापाने पडले. चिटणीसांनी मला धरलं. मी म्हटलं, मला बी.एस्सी. होऊन चोवीस वर्षं झाली, त्यातली बावीस ठाण्याला मोजणी खात्यात जमिनीचे नकाशे करण्यात गेली. ते म्हणाले, "तेच बरं, थोडक्यात होईल." (हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की कसं, यावर मी दोन दिवस विचार केला.) कान्हाने पाठवलेल्या झेरॉक्समधला एक लेख मला फार आवडला होता. मी विषय दिला, "माशीचा डोळा कसा होतो".

तुम्हालाही थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पिकलेल्या केळ्यांवर बारीक माश्या येतात ना, त्यांचा डोळा म्हणजे साधारण आठशे छोट्या डोळ्यांचा गठ्ठा. प्रत्येक छोट्या डोळ्यात उजेड ओळखणाऱ्या आठ पेशी. त्या एकदम तयार होत नाहीत, एकेकीचं ठरत जातं, आणि सातवीचं सगळ्यात शेवटी. आपलं काय होणार हे सातवीला स्वतःला माहीत नसतं. शेजारची आठवी तिला कळवते. कसं? आठवीच्या अंगावर एक प्रथिन असतं, आणि ते ओळखणारं दुसरं प्रथिन सातवीच्या पातळ आवरणात रोवलेलं असतं. त्याला ग्राही म्हणतात. ग्राहीचं डोकं आवरणाबाहेर, कंबर आवरणात आणि शेपूट आत. बाहेर डोक्याला आठवीचं प्रथिन लागलं की आतलं शेपूट जागं होतं, ते शेजारच्या रेणूला ढोसतं, तो पुढच्याला, असं करत निरोप पार पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो आणि सातवी डोळ्याची पेशी होते. ग्राही बिघडलेला असेल तर आठवीने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. मग सातवी उजेड ओळखत नाही, नुसती भिंगाला लागणारी पेशी होऊन राहते.

एवढं मी नीट सांगितलं. पण पुढच्या रांगेत निवृत्त हेडमास्तर बाबुराव पेंगायला लागले, त्यांची मान माझ्या दिशेने आली, आणि त्यांना जागं करावं म्हणून मी जोरात म्हणालो, "हे आठवीचं प्रथिन बाहेर थांबत नाही मंडळी! ते दार ढकलून थेट सातवीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतं!" टाळ्या पडल्या. बाबुरावांनीही जागे होऊन वाजवल्या. लेखात असं कुठेही नव्हतं. ते वाक्य मी तिथल्या तिथे तयार केलं होतं.

मंगळवारी ठाण्याच्या वाचनालयात मी एक जाडं पाठ्यपुस्तक काढून बघितलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की निरोप आणणारं प्रथिन बाहेरच राहतं, आत जातो तो फक्त निरोप. आपल्या दारावरच्या बेलसारखं. बोट बाहेर बटण दाबतं, घंटा आत वाजते, बोट आत येत नाही. घरी येऊन नीलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "येत नाही तर नाही. ऐकणाऱ्या एकतीस जणांपैकी कुणी माशी करायला घेतलीय का?"

मला हे पटलंही असतं. पण बुधवारी दाढी करताना सगुणा आठवली आणि हनुवटी कापली. सगुणा केणे ही कोपर गावातल्या भिवाशेठ केण्यांची मुलगी. ही आगरी मंडळी इथली मूळची, पूर्वी शेती आणि मिठागरं, आता जमिनीला भाव आल्यामुळे दुमजली घरं. सगुणा ठाण्याला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. व्याख्यानानंतर ती वही घेऊन आली, दोन चांगले प्रश्न विचारले, आणि म्हणाली की पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम शिकायला मुलं घेतात, त्या अर्जासोबत कुतूहल वाटलेल्या विषयावर एक पान लिहून पाठवायचं आहे, आणि ती हाच विषय लिहिणार आहे. म्हणजे माझं स्वयंपाकघर तिच्या अक्षरात पुण्याच्या शास्त्रज्ञांपुढे जाणार होतं. तिच्या कॉलेजातून या आधी तिथे कुणीच गेलेलं नाही. ती गेली नाही तर ते माझ्या वाक्यामुळे.

आता शहाणा माणूस काय करेल? तडक सगुणाकडे जाईल. मी विचार केला की एकटीलाच दुरुस्ती सांगितली तर बाकीच्या तिसांनी काय पाप केलंय? वाचनालयाच्या वहीत सगळ्यांची नावं-पत्ते होते. ते मी उतरवून घेतले आणि वहीतल्या क्रमाने निघालो. (क्रमाने का, असं नीलाने विचारलं. मी म्हटलं, मधलंच नाव आधी घेणं हा पक्षपात होईल. त्या वेळी हे उत्तर मला बिनतोड वाटलं होतं.) सगुणा सत्ताविसावी होती.

त्या फेऱ्यांचं सगळं सांगत नाही. बहुतेकांना मी वर्गणी मागायला आलो असं वाटलं, आणि नाही म्हटल्यावर जास्तच संशय आला. एका घरी माझ्यापुढे मुलीची पत्रिका ठेवली. बाबुराव म्हणाले, "चूक माझ्या तेव्हाच लक्षात आली होती, पण चारचौघांत बोललो नाही." मी त्यांचे आभार मानले. नंतर जिना उतरताना आठवलं, की ते वाक्य मी बोललो तेव्हा ते झोपलेले होते. खाडीकडच्या हौसाबाई कोळिणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मासे कापणाऱ्या कोयत्यावरचा हात न थांबवता. "आत गेला नाय तं भायेर रायला," ती म्हणाली, "माशी तं झाली नं? मंग कशाला उन्हातान्हात फिरतंस, बाला? पानी पी." सत्तावीस घरांतलं सगळ्यात शहाणं बोलणं ते होतं. मी पाणी प्यालो आणि पुढच्या पत्त्यावर गेलो.

६ मार्चच्या रविवारी केण्यांकडे पोचलो. आणि वहिनी, इथे माझी दुसरी चूक. मी कोण म्हणून उभा आहे याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात मी व्याख्याता होतो. भिवाशेठच्या दारात उभा होता तो मोजणी खात्याचा माणूस, काखेत यादी, आणि तोंडात पहिलं वाक्य, "माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती सांगायला आलोय." बावीस वर्षांत मी कुणाच्या दारी असं सांगितलेलं नाही, आणि सरकारी माणूस रविवारी घरी येऊन चूक कबूल करतो म्हणजे ती केवढी असेल! पाच मिनिटांत ओटीवर तीन भाऊ, दोन पुतणे आणि एक शेजारी जमले. फडक्यात बांधलेले सातबारे बाहेर आले. कुणीतरी मला थंड्याची बाटली दिली, ती मी हातात धरून राहिलो.

मी म्हटलं, "अहो, माशीच्या डोळ्याबद्दल आलोय."

भिवाशेठनी भावाकडे बघितलं. "बोला, बोला. आमी घरचेच हाव. कोनचा नंबर?"

"नंबर नाही. सातवी पेशी."

"सातवा हिस्सा!" धाकटा भाऊ म्हणाला. "मी बोललेलो ना तुला, दादा?"

सगुणा घरात नव्हती, मावशीकडे कल्याणला गेली होती. तिचं पान १ मार्चलाच पोस्टात पडलं होतं. म्हणजे पहिली चूक दुरुस्त करायला मी पाच दिवस उशिरा पोचलो होतो आणि दुसरी करायला बरोबर वेळेवर.

चार दिवसांनी सगुणा रडवेली होऊन आमच्याकडे आली. पानातली चूक तिला मी लगेच सांगितली; ती म्हणाली, "सर, ते मी मुलाखतीत सांगेन, पण मुलाखतीला जाऊच देत नाहीयेत." मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, ७ एप्रिलचं. पण भिवाशेठचं म्हणणं असं, की मोजणी येणार हे आता नक्की. मोजणीला सगळे वारस हजर लागतात, आणि सातबाऱ्यावर सगुणाचं नाव आहे. (हे नाव त्यांनी स्वतः, भावांशी भांडून घातलंय. आमच्या कचेरीत असे बाप मी फार पाहिलेले नाहीत.) तेव्हा पोरीने पुण्याला जायचं नाही.

मी तसाच गेलो आणि सांगितलं की मोजणी नाही. भिवाशेठनी विचारलं, "नक्की नाय?" आता वहिनी, तुम्हीच सांगा. पुढे कधी काय निघेल हे मी कसं सांगणार? मी म्हटलं, "माझ्या माहितीप्रमाणे नाही." झालं! "माहितीप्रमाणे" ऐकल्यावर भावांनी सातबारे पुन्हा फडक्यातून बाहेर काढले, आणि मला वाटलं, सरळ "आहे" म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी लेखी आणायचं ठरवलं. पण कचेरीतले कागद खासगी कामासाठी कसे बघायचे? अर्धा दिवस रजा टाकली, बाहेरच्या दाराने आत आलो, रांगेत उभं राहून अर्ज केला. खिडकीवर आमचा दगडू होता. "साहेब, टेबल तुमचंच आहे, आत या ना," तो म्हणाला. मी म्हटलं, मी आत्ता रजेवर आहे. त्याने मला बसायला सांगितलं आणि दोघांना बोलावून मला दाखवलं. तीन दिवसांनी उत्तर मिळालं: सदर जमिनीबाबत मोजणीचं कुठलंही प्रकरण चालू नाही. सही, शिक्का. तो कागद घेऊन धावत केण्यांकडे गेलो. भिवाशेठनी तो दोनदा वाचला, उजेडात धरला आणि भावाला म्हणाले, "लिवून आनलाय. म्हंजे नक्की कायतरी हाय."

मी तिथेच पायरीवर बसलो. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं होतं. आतून भिवाशेठच्या आई, जनाबाई, बाहेर आल्या. ऐंशीच्या असतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "भिवा, गप ऱ्हा. ह्यो मानूस महिनाभर माशी माशी करतोय. त्याला एकदा माशी सांगू दे."

तर मी पुन्हा व्याख्यान दिलं. ओटीवर, आठ माणसांपुढे, पहिल्यापासून. आठशे डोळे, आठ पेशी, ग्राहीचं डोकं, कंबर, शेपूट. सगुणा दारात उभी होती. या वेळी स्वयंपाकघर नव्हतं; बेल आणि बोट सांगितलं, आणि व्याख्यानात उलट सांगितलं त्याबद्दल माफी मागितली. जनाबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आनि त्या सातवीला हाक आयकूच नाय आली तं?"

मी म्हटलं, "तर ती डोळा होत नाही, आजी. भिंगाच्या कामाला लागते. जगते, पण उजेड तिला कळत नाही."

"हाक मारनारी हाय, पन आयकू येत नाय?"

"हो. ग्राही बिघडला तर."

म्हातारी मुलाकडे वळली. "आयकलास?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. भिवाशेठ बराच वेळ त्या शिक्क्याच्या कागदाची घडी घालत होते. मग मला विचारलं, "साहेब, म्हंजे तुमी खरंच माशीसाठी आलेले?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, एखाद्या आजारी माणसाकडे बघून हलवतात तशी, आणि सगुणाला म्हणाले, "पुन्याची यष्टी किती वाजता हाय?"

सात तारखेला मुलाखत झाली. तिला नेमका तोच प्रश्न विचारला, की प्रथिन आत जातं हे तू कशावरून लिहिलंस? तिने सांगितलं, आत जातं असं एका सरांनी सांगितलं, नंतर तेच सर घरी येऊन जात नाही म्हणाले, सांगणारे एकच आहेत. सगळे हसले. एका बाईंनी विचारलं, "मग तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "बघावं लागेल." परवा शुक्रवारी तिची निवड झाल्याचं पत्र आलं. २ मेपासून जूनअखेर.

तर असं झालं. एक बारीकशी अडचण अजून आहे, पण त्यासाठी तुम्हाला त्रास देत नाही. दादांना गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा. नीलाचा नमस्कार. तिने पानं मोजली आहेत.

तुमचा
नामा

ता. क. (बुधवार, २० एप्रिल) पत्र टाकायचं राहिलं, आणि आज कान्हाचं पत्र आलं. मी त्याला सगळं कळवलं होतं. तो लिहितो, "काका, पाठ्यपुस्तकातलं बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, पण नेमक्या या माशीच्या डोळ्यात तसं नाही." इथे म्हणे सातवी पेशी आठवीचं ते प्रथिन ग्राहीने पकडते आणि अख्खंच्या अख्खं आत ओढून घेते. तीन वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, लेख सोबत जोडला आहे. म्हणजे बेल वाजवणाऱ्याचं बोट घरात घेतलं जातं! व्याख्यानात मी जे थापेने सांगितलं ते बरोबर होतं, आणि सत्तावीस घरी जाऊन जे कळकळीने सांगितलं ते चूक. उरलेल्या चार घरी मी गेलोच नव्हतो, त्यांनाच काय ते खरं माहीत आहे. सगुणाला जाऊन सांगितलं. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. बाकीच्यांकडे जावं की नाही हे ठरत नाही. नीलाने यादी लपवून ठेवली आहे.

ता. क. २ (शनिवार, २३ एप्रिल) ती बारीकशी अडचण. संस्थेत मुलींच्या राहण्याची सोय नाही. भिवाशेठ म्हणतात, ओळखीच्या घराशिवाय पोरीला ठेवणार नाही, आणि पुण्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नाही. मग म्हणाले, "साहेब, तुमचे कोन हायेत का तिकडं? जो मानूस एका माशीसाठी येवढा फिरला, त्याच्या घरच्यांकडं मी पोरीला डोले मिटून ठेवीन." वहिनी, तुमच्या पुण्याच्या घरात कान्हाची खोली रिकामी असते. मुलगी शांत आहे, पहाटे उठते, तुमच्या कुंड्यांना पाणी घालेल. भिडस्त आहे, दुसरी पोळी नको म्हणेल, तेव्हा तिसऱ्यांदा विचारावं लागेल. हे सगळं पत्र मी याच्यासाठी लिहायला घेतलं होतं. आठ पानं झाली तरी हे वाक्य येईना.

ता. क. ३ (मंगळवार, २६ एप्रिल) अजून एक सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. भिवाशेठना तुमचा होकार मी पंधरा तारखेलाच देऊन बसलो आहे. वरचं सगळं त्यानंतर लिहिलेलं आहे. येत्या शनिवारी दुपारपर्यंत ते, सगुणा आणि जनाबाई तुमच्याकडे पोचतील. सोबत एक टोपली असेल, सुके बोंबील आणि जवळा. तुमच्याकडे चालत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण भिवाशेठ म्हणाले, "रिकाम्या हातानं पोरगी कशी ठेवायची?" आणि माझ्यासमोर ते पहिल्यांदाच हसत होते. मी तोंड मिटलं. तुम्हाला जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत तार करा. मी केण्यांकडे जाऊन माझी चूक झाली म्हणून सांगेन, त्या ओटीवर माझी ती सवय आता सगळ्यांना माहीत आहे. पण वहिनी, ही एक चूक दुरुस्त करावी असं मला मनापासून वाटत नाही.